कार्टर घराण्याची वंशावळ आणि तिच्या समासातील नावे

व्हर्जिनियातील हर्नडन या गावी आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर फ्राइंग पॅन नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यालगत त्याच नावाचे, १७९१च्या सुमाराचे एक साधे लाकडी प्रार्थनागृह आहे. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना त्यासाठी जागा दिली ती नॉमिनी हॉल या वाड्यात राहणाऱ्या रॉबर्ट कार्टर या मळेवाल्याने. या परिसरात कार्टरांचा पाय त्याहीपूर्वी पडला होता, कारण त्याच्या आजोबांनी १७२८ साली मुलांना आणि जावयाला बरोबर घेऊन येथे तांब्याच्या खाणीचा उद्योग मांडला होता. तांबे फारसे निघाले नाही, पण जमीन घराण्यात राहिली. या रस्त्याने मी कित्येक वर्षे रोज ये-जा केली, पण कार्टर हे नाव माझ्यासाठी केवळ पाटीवरचे नाव होते.

त्या नावाकडे मी वळले ती शेजारच्या बाईंमुळे. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून आफ्रिकन अमेरिकन आहेत. त्यांच्या घरात आजीकडून नातीकडे एकच गोष्ट सांगत आणलेली आहे, ती अशी की आपण मुळात कार्टरची माणसे आणि यादवी युद्धाच्या पुष्कळ आधी गुलामीतून सुटलो. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध केला, त्यासाठी मी त्यांच्याबरोबर नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या चाळल्या आणि त्या निमित्ताने मोडी शिकले, हे मी त्यांना एकदा बोलता बोलता सांगितले होते. ते त्यांनी लक्षात ठेवले आणि एका रविवारी घरी येऊन म्हणाल्या, "तुम्हाला जुने कागद वाचायची सवय आहे. माझी माणसे शोधायची आहेत. याल का बरोबर?"

शोध त्यांच्या माणसांचा होता, तरी आमची पहिली दीड वर्षे मळेवाल्याच्या वंशावळीत गेली. असे का झाले, हे आधी सांगितले पाहिजे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६२ साली असा कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल, आणि १७०५ सालच्या कायद्याने गुलामांना वारसाहक्कापुरते स्थावर मालमत्तेत धरले. याचा परिणाम असा झाला की एखाद्या गुलाम स्त्रीचे आणि तिच्या मुलांचे पुढे काय झाले, याची नोंद तिच्या नावाखाली कोठेच सापडत नाही. ती सापडते मालकाच्या मृत्युपत्रात, वाटणीपत्रात, मुलीच्या लग्नात दिलेल्या दानपत्रात आणि जमिनीच्या खरेदीखतात. मालक केव्हा वारला, त्याची विधवा कोणाशी पुन्हा विवाहबद्ध झाली, कोणता मुलगा अज्ञान होता आणि त्याचा पालक कोण, हे अचूक ठाऊक नसेल तर कोणत्या वर्षाचे कोणते पुस्तक उघडायचे तेच कळत नाही. मालकाची वंशावळ हीच त्याच्या गुलामांपर्यंत जाण्याची वाट आहे. ही गोष्ट बाईंना पहिल्या भेटीतच मान्य झाली, पण सोपी वाटली नाही. त्यांना कार्टरांच्या विवाहांत आणि वाटण्यांत रस असण्याचे कारणच नव्हते.

वडिलांची शिस्त अशी होती की ठाऊक असलेल्या पिढीपासून मागे जायचे, मूळपुरुषापासून पुढे कधी यायचे नाही. त्याप्रमाणे आम्ही नॉमिनी हॉलच्या रॉबर्ट कार्टरपासून सुरुवात केली. त्याचा जन्म फेब्रुवारी १७२८मधला आणि मृत्यू १८०४ सालचा. गव्हर्नरच्या कौन्सिलात असल्यामुळे त्याला 'कौन्सिलर' म्हणत. त्याचा बापही रॉबर्ट आणि आजाही रॉबर्ट. हा आजा इतका श्रीमंत आणि सत्ताधारी होता की लोक त्याला 'किंग' कार्टर म्हणत. आणि या किंगचा बाप जॉन, जो १६३५च्या सुमारास इंग्लंडहून आला, त्याच्याही थोरल्या मुलाचे नाव जॉन आणि किंगच्या थोरल्या मुलाचे नावही जॉन. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे एक पिढी सोडून नाव परत येते आणि वंशावळ लिहिताना त्याचा आधारच होतो. येथे तसे नाही. बाप, मुलगा, पुतण्या, सगळे एकाच वेळी एकाच नावाने जिवंत असतात.

या नावांनी आम्हाला तीन महिने चुकीच्या वाटेवर नेले. एका वंशवृक्षाच्या संकेतस्थळावर कोणीतरी मांडलेली वंशावळ मी प्रारंभीच्या सोयीसाठी उतरवून घेतली होती. तीत १७३२ साली मरण पावलेला रॉबर्ट कार्टर एकच होता. प्रत्यक्षात त्या वर्षी दोन रॉबर्ट कार्टर वारले, आधी मुलगा आणि नंतर ४ ऑगस्टला बाप. वंशावळ मांडणाऱ्याने दोघांचे कागद एकाच माणसाच्या नावावर चढवले होते. त्यामुळे मधली पिढी पुसली गेली, नातू हा मुलगा झाला आणि मुलाची विधवा प्रिसिला ही सासऱ्याची तिसरी बायको होऊन बसली. मला शंका आली ती मुलाच्या वयावरून. किंग कार्टरची दुसरी पत्नी १७१९ सालीच वारली होती आणि त्यानंतर त्याने लग्न केल्याचा एकही कागद नव्हता, मग १७२८ सालचे हे मूल कोणाचे? प्रिसिलाचे माहेर चर्चिल. नवऱ्यामागे तिने जॉन लुइसशी विवाह केला. चार वर्षांच्या रॉबर्टच्या मालमत्तेची व्यवस्था चुलत्यांकडे गेली. एवढे जुळवल्यावर तिन्ही रॉबर्ट आपापल्या जागी बसले. त्या दिवसापासून छापील असो वा पडद्यावरची असो, दुसऱ्याने केलेली वंशावळ मी फक्त प्रश्नांची यादी म्हणून वापरते, उत्तर म्हणून नाही.

नात्यांच्या शब्दांनीही असाच घोळ घातला. मराठीत पुतण्या, भाचा, मेहुणा, साडू, दीर, जावई यांना स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे मोडी कागदात नाते लिहिलेले असेल तर शंकेला जागा राहत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी मृत्युपत्रात 'सन इन लॉ' म्हणजे जावई असू शकतो आणि सावत्र मुलगाही असू शकतो, 'कझिन' म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असतो, बहिणीच्या नवऱ्याला सरळ 'ब्रदर' म्हटलेले असते आणि नावापुढचा 'ज्युनिअर' हा मुलगाच असेल असे नाही, त्याच परगण्यात त्याच नावाचा वयाने लहान माणूस एवढाच त्याचा अर्थ असतो. मी वहीच्या एका पानावर असे सगळे शब्द लिहून प्रत्येकापुढे मराठीतील सर्व शक्य नाती मांडली होती आणि एकेक कागद मिळेल तसतशी त्यांतली नाती खोडत गेले. मातृभाषेचा एवढा थेट उपयोग मला परदेशात दुसऱ्या कोणत्याही कामात झालेला नाही.

तारखांचे तसेच. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत १७५२ सालापर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले तीन आठवडे मागच्याच वर्षात मोडत आणि जाणते लेखनिक ती तारीख १७०७/८ अशी दुहेरी लिहीत. पाडव्याला शक बदलतो, जानेवारीत सन बदलतो आणि मधल्या दिवसांना दोन हिशेब असतात, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. बाईंना मात्र ते पटवून देण्यासाठी मला आमच्या घरातले कालनिर्णय भिंतीवरून काढून दाखवावे लागले.

पुढील शोध रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात झाला. तेथे १६२३ सालापासूनचे जमिनीचे सरकारी दाखले आहेत आणि बहुतेक परगण्यांच्या न्यायालयीन पुस्तकांच्या मायक्रोफिल्म आहेत. पिशवी कपाटात ठेवायची, पेन्सिलच वापरायची, मूळ कागद मागितला तर एका वेळी एकच फाइल टेबलावर घ्यायची, हे सगळे नियम मला फार आवडले, कारण नाशिकला उपाध्ये वही आपल्या मांडीवरून खाली ठेवू देत नसत आणि त्यामागचा भाव हाच होता. आमचे भाग्य असे की किंगचा लँकेस्टर आणि कौन्सिलरचा वेस्टमोरलंड या दोन्ही परगण्यांची पुस्तके सतराव्या शतकाच्या मध्यापासून टिकून आहेत. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने रिचमंड सोडताना लागलेल्या आगीत जनरल कोर्टाचे दप्तर जळाले, सुरक्षिततेसाठी राजधानीत आणून ठेवलेली कित्येक परगण्यांची पुस्तकेही जळाली, आणि तेथल्या कुटुंबांचा इतिहास त्या एका रात्रीत तुटला.

जमिनीचे दाखले वाचताना आधी माणशी ५० एकरांचा नियम समजून घ्यावा लागतो. जो कोणी स्वखर्चाने एक माणूस वसाहतीत आणील त्याला त्या माणसामागे ५० एकर मिळत. म्हणून दाखल्याच्या शेवटी आणलेल्या माणसांची नावे असतात, आणि मळेवाल्याच्या जमिनीचा कागद हा अजाणता दुसऱ्याच माणसांचा हजेरीपट होतो. जॉर्ज मेनेफी नावाच्या मळेवाल्याच्या १६३५ सालच्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असे नाव आहे. व्हर्जिनियाच्या कागदांत हिंदुस्थानातून आलेल्या माणसाची ही फार जुनी नोंद मानली जाते. कार्टरांशी तिचा संबंध नाही, तरी ती पाहिल्यावर मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नाही. त्याचे खरे नाव काय असेल, तो कोणत्या बंदरातून गलबतावर चढला असेल, याबद्दल त्या यादीला काही देणेघेणे नव्हते. तिला ५० एकरांशी मतलब होता.

कार्टरांच्या बाबतीत हे दाखले आणखी एका कारणाने जपून वाचावे लागतात. रॅपहॅनक आणि पोटोमॅक या नद्यांमधला सगळा प्रदेश, ज्याला नॉर्दर्न नेक म्हणतात, तो इंग्लंडच्या राजाने काही सरदारांना इनाम दिला होता आणि पुढे तो फेअरफॅक्स घराण्याकडे आला. त्यांचा मुखत्यार म्हणून किंग कार्टरने १७०२ ते १७११ आणि पुन्हा १७२२पासून मरेपर्यंत काम पाहिले. जमीन वाटण्याचा अधिकार हातात असताना त्याने हजारो एकर आपल्या मुलांच्या, जावयांच्या आणि नातवंडांच्या नावावर करून घेतले. म्हणून दाखल्यावर नाव दिसले की तो माणूस सज्ञान होता असे धरून चालता येत नाही. तो पाळण्यातला नातूही असू शकतो.

किंग कार्टरच्या मृत्यूची बातमी लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये आली, तीत ३,००,००० एकर जमीन, सुमारे १,००० गुलाम आणि १०,००० पौंड रोख असा ऐवज सांगितला होता. हे आकडे तेव्हापासून सगळीकडे उतरवले जातात. मृत्यूनंतर मालमत्तेची जी यादी झाली तिच्यात गुलामांची संख्या सातशेच्या वर आहे, हजार नाही. वंशावळ लिहिणाऱ्याने बातमी आणि यादी यांत कशावर विसंबावे हे उघड आहे, पण फरक केवळ आकड्याचा नाही. बातमीत गुलाम ही संख्या आहे, यादीत ती माणसे आहेत. मळ्याचा प्रत्येक तुकडा वेगळा धरून, तेथे राहणाऱ्यांतला मुकादम आधी, मग त्याची बायको, मग मुले वयांसह, नंतर पुढचे कुटुंब, अशी ती यादी उतरत जाते. गाई-बैल, कुदळी आणि भांडी त्याच कागदावर आहेत. बाईंनी ती पाने वाचताना आपले बोट कागदापासून इंचभर वर ठेवून एकेका नावावरून फिरवले. स्पर्श करायचा नाही हा नियम त्यांनी पाळला आणि एकही नाव वगळले नाही.

या कामातील सर्वांत जड दिवस लँकेस्टरच्या न्यायालयीन पुस्तकाचा होता. मी शोधत होते किंग कार्टरच्या एका जमिनीच्या वादाचा उल्लेख. सापडली मार्च १७०७/८मधली एक नोंद. बंबारा हॅरी आणि डायना हे आपले दोन गुलाम सुधारण्यापलीकडे गेले आहेत असे कार्टरने सांगितले आणि त्यांच्या पायांची बोटे छाटण्याची परवानगी न्यायालयाने त्याला दिली. १७०५च्या कायद्याने पळणाऱ्या गुलामांच्या बाबतीत न्यायालयांना असा अधिकार दिलेलाच होता. नोंद काही ओळींचीच आहे आणि हस्ताक्षर आजूबाजूच्या नोंदींसारखेच वळणदार व शांत आहे. तिच्या आधी आणि नंतर रोजची देणीघेणी आहेत, जी तंबाखूच्या वजनात फेडली जात. मी ती नोंद पेन्सिलीने शब्दशः उतरवली आणि बाईंपुढे वही सरकवली. त्या वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "हेही तुमच्या कार्टर घराण्याच्या इतिहासात जाणार ना?" मी हो म्हटले. छापील कार्टर-वंशावळींत किंगचे दोन विवाह, पंधरा मुले, हंगामी गव्हर्नरपद आणि त्याच्या वंशात पुढे झालेले राष्ट्राध्यक्ष असतात. हॅरी आणि डायना यांच्यासाठी तेथे जागा का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. ती नोंद त्याच्याच हयातीतली आहे आणि त्यानेच मागितलेली आहे.

किंग कार्टरची पत्रे आणि रोजनिशी आता अक्षरलावणी होऊन उपलब्ध आहेत. ऑक्टोबर १७२७मध्ये त्याने एका कारभाऱ्याला लिहिलेल्या पत्रात बॅलझोर नावाच्या, वारंवार पळणाऱ्या गुलामाचीही बोटे तोडण्याचा हुकूम मिळवण्यास सांगितले आहे आणि या उपायाने आपण पुष्कळांचे पळणे बंद केल्याचे लिहिले आहे. बॅलझोर हे नाव पाहून माझे मन एकदम ओडिशातील बालेश्वर बंदराकडे गेले, कारण इंग्रजांची तेथे सतराव्या शतकापासून वखार होती आणि इंग्रजी कागदांत त्या गावाचे लेखन जवळजवळ असेच होते. टोनीची नोंद मनात ताजी होती. अठराव्या शतकातील 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये पळालेल्या 'ईस्ट इंडियन' गुलामांच्या जाहिरातीही आहेत. दोन दिवस मी या एका शब्दावर मोठा डोलारा उभा केला. मग त्याच पत्राचा उरलेला भाग नीट वाचला. नव्याने विकत घेतलेल्या माणसांना नावे आपणच ठेवली, त्या नावांवरून त्यांचा आकार ओळखता येतो आणि ती त्यांच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतली की आता प्रत्येक जण त्या नावाला ओ देतो, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे नावावरून कळते ते ठेवणाऱ्याच्या डोक्यात काय होते, माणूस कोणत्या मुलखातला ते नाही. मी वहीतील ती दोन पाने तिरकी रेघ मारून बाद केली.

पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींची आणि बटकींची नावे खर्चाच्या रकान्यात येतात, तीही अशीच ठेवलेली असतात, हे मला वडिलांनी एकदा दाखवले होते. आमच्या स्वतःच्या कुलवृत्तान्तातसुद्धा सुनांची नावे लग्नात बदललेली, माहेरचे नाव अर्ध्याअधिक ठिकाणी रिकामे. त्या वेळी ते मला चालून गेले होते.

आमच्या वाटेत एक प्रवास आला, तो लँकेस्टर परगण्यातील क्राइस्ट चर्चचा. हर्नडनहून तीन तासांची वाट आहे. किंग कार्टरच्या पैशाने बांधलेले हे विटांचे चर्च १७३५च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर पुरे झाले. जॉन कार्टरची शिळा आत आहे. ती १० जून १६६९ ही त्याच्या मृत्यूची तारीख देते आणि त्याच्याआधी वारलेल्या त्याच्या बायकांची नावे 'अमक्याची मुलगी' अशा क्रमाने सांगते. त्यांतली सेरा, गॅब्रिएल लुडलो याची मुलगी, ही किंग कार्टरची आई. एका दगडाने आम्हाला चार घराण्यांशी जोडले जाणारे धागे दिले. शिळेची अक्षरे वाचताना 'वाय' या अक्षराने सुरू होणारा एक आखूड शब्द वरचेवर येतो, तो 'द' आहे, जुन्या एका अक्षराच्या जागी ते वापरलेले आहे. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी मोडीतली अशी उदाहरणे विचारली आणि परतीच्या वाटेत आम्ही दोघी लिप्यांवरच बोलत होतो. किंगची कबर बाहेर, चर्चच्या पूर्व टोकाला आहे. तिच्यावरच्या लॅटिन लेखात वय ६९ दिले आहे, त्यावरून जन्म १६६३चा धरता येतो. जॉनने आपल्या मृत्युपत्रात लहानग्या रॉबर्टसाठी लॅटिन शाळेत शिकलेला एक नोकर विकत घ्यावा, त्याने मुलाला शिकवावे आणि वाईटापासून राखावे, असे लिहून ठेवले होते. बाप वारला तेव्हा मुलगा जेमतेम सहा वर्षांचा होता. हा गोरा, कराराने बांधलेला शिक्षक असावा असाच त्या मजकुराचा रोख आहे, आणि माणूस विकत घेणे हा शब्द त्या काळी कोणाकोणाला लागत असे हे त्यावरून कळते.

आता ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते त्या कागदाकडे येते. कौन्सिलर रॉबर्ट कार्टरने १ ऑगस्ट १७९१ ही तारीख घालून एक दानपत्र तयार केले आणि ५ सप्टेंबरला नॉर्थंबरलंडच्या जिल्हा न्यायालयात दाखल केले. माणसांना गुलामगिरीत ठेवणे हे धर्माच्या आणि न्यायाच्या खऱ्या तत्त्वांविरुद्ध आहे अशी आपली काही काळापासून खात्री झाली आहे, म्हणून त्यांना मुक्त करणे हे आपले कर्तव्य आहे, असे तो त्यात म्हणतो. सोबतच्या यादीत साडेचारशेच्या आसपास नावे वयांसह आहेत, आणि कोण कोणत्या मळ्यावर आहे तेही आहे. त्याच्या अनेक मळ्यांना बारा राशींची नावे होती. मेष, वृषभ, कर्क, सिंह, तूळ. आपल्याकडे माणसाची रास विचारतात. येथे माणूस कोणत्या राशीत जन्मला हा प्रश्न तो कोणत्या शेतावर राबत होता या अर्थाने विचारावा लागतो, आणि बाईंच्या घराण्यातली जी स्त्री आम्ही शोधत होतो तिच्या बाबतीत तो अक्षरशः तसाच विचारला.

यादीतील वये इतकी काळजीपूर्वक का लिहिली, याचे कारण कायद्यात आहे. व्हर्जिनियाने १७८२ साली मालकांना विधिमंडळाची परवानगी न घेता गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली, पण ४५ वर्षांवरील माणसांना तसेच २१ वर्षांखालील मुलग्यांना आणि १८ वर्षांखालील मुलींना मुक्त केले तर त्यांच्या पोषणाची जबाबदारी मालकावर ठेवली. म्हणून कार्टरने टप्पे पाडले. २ जानेवारी १७९२पासून दर वर्षी पंधरा मोठी माणसे, आणि मुले आपापले वय भरेल तेव्हा. स्वतःच्या मुलांचा आणि शेजारच्या मळेवाल्यांचा रोष पत्करून तो १७९३ साली बाल्टिमोरला गेला आणि पुन्हा नॉमिनीला राहायला आला नाही. पुढची कामे एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने वारसांशी झगडत पार पाडली. त्या माणसाने दरवर्षी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या तर दानपत्र हा एक कागदच राहिला असता.

कागद मिळाला, तरी त्यातली माणसे पुढे कोठे गेली हे शोधणे स्वतंत्र काम आहे. व्हर्जिनियाची १७९० सालची जनगणना नष्ट झाली आहे. १८५०च्या आधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या तक्त्यांत वय, लिंग आणि रंग आहे, पण नाव मालकाचे. म्हणून बहुसंख्य आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांचा शोध १८७०च्या जनगणनेपाशी थांबतो, कारण सगळ्यांची नावे प्रथम तेथे लिहिली गेली. आमच्या बाजूने एक गोष्ट होती, ती अशी की १७९३ सालच्या कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना न्यायालयात नोंदणी करून दाखला जवळ बाळगणे भाग पाडले. हेतू त्यांच्यावर नजर ठेवण्याचा होता. आज तीच नोंदवही सर्वांत उपयोगाची ठरते, कारण तीत उंची फूट-इंचांत, चेहऱ्यावरचे आणि हातावरचे व्रण, वय, आणि कोणत्या पत्राने मुक्तता झाली ते लिहिलेले असते. १८०६ नंतर मुक्त झालेल्यांना बारा महिन्यांत राज्य सोडण्याचा कायदा आला, त्यामुळे आपण त्याआधीच सुटलो हे सिद्ध करणारा तो दाखला लोक प्राणापलीकडे जपत.

बाईंच्या घरात असा दाखला राहिलेला नाही, पण त्याची न्यायालयातली नोंद आम्हाला मायक्रोफिल्मवर सापडली. स्त्रीचे नाव आणि आडनाव बाईंच्या इच्छेवरून येथे देत नाही. नोंदीत उंची आहे, उजव्या मनगटाजवळ भाजल्याचा डाग आहे आणि रॉबर्ट कार्टरच्या दानपत्राने मुक्त असे शब्द आहेत. वयावरून मागे मोजल्यावर १७९१च्या यादीत त्या नावाच्या दोन मुली निघाल्या, एक सिंह मळ्यावरची आणि एक नॉमिनीच्या घरालगतची. दोघींच्या वयांत एका वर्षाचे अंतर. त्यांतली कोणती आपली, हे ठरवायला पुन्हा कार्टरच्या वहीकडेच जावे लागले. त्याची १७७२ ते १७९४ या काळातील पत्रांची आणि हिशेबांची पुस्तके ड्यूक विद्यापीठात आहेत, आणि बाईंच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत त्या मुलीची आई सूत कातणारी होती एवढा एकच तपशील होता. मळ्यावर कोणी सूत कातायचे, कोणी विणायचे, लोकर आणि कापूस कोणाला किती दिला, हे त्या वह्यांत येते.

सध्या आम्ही त्या वह्यांत आहोत. कार्टरांची बाजू जॉनपासून कौन्सिलरपर्यंत चार पिढ्या कागदानिशी पुरी झाली आहे, आणि इंग्लंडमधल्या पूर्वजांकडे जायचे नाही असे मी ठरवले आहे. मी मांडलेल्या तक्त्यात किंग कार्टरच्या चौकटीखाली त्याच्या पंधरा मुलांच्या ओळीबरोबर मार्च १७०७/८च्या नोंदीसाठी एक ओळ आहे. कौन्सिलरच्या चौकटीखाली दानपत्राची यादी मळ्यांप्रमाणे पूर्ण लिहून काढली आहे. त्या यादीतील दोन मुलींच्या नावांपुढे बाईंनी पेन्सिलीने बारीक टिंबे दिली आहेत. सूत कातणाऱ्या बायकांच्या पानांच्या प्रती पुढच्या महिन्यात येतील, तेव्हा त्यांतले एक टिंब खोडायचे आहे.